बंपर फुटला... बदलायचा की सांधायचा?

सोसायटीच्या तळघरातील खांब, अरुंद गल्लीत वळणारी रिक्षा, पावसाच्या पाण्याने झाकलेला खड्डा किंवा सिग्नलला मागून टेकलेली दुचाकी, यांपैकी काहीही पुरेसे असते. धक्का किरकोळ असतो, कुणाला इजा होत नाही, इंजिनालाही काही झालेले नसते. पण मोटारीच्या बंपरवर वीतभर लांबीचा तडा मात्र दिसू लागतो. अशी गाडी दुरुस्तीला नेली की साधारणपणे दोन सल्ले मिळतात. सेवा केंद्रात ‘नवा बंपर बसवावा लागेल’ असे सांगितले जाते. तर नाक्यावरचा डेंटिंगवाला ‘फायबर मारून देतो, कळणारसुद्धा नाही’ अशी खात्री देतो. पहिला सल्ला पुष्कळदा गरजेपेक्षा महाग पडतो आणि दुसरा एकदोन पावसाळ्यांत उघडा पडतो.

प्रत्यक्षात मोटारीवरील बहुतेक प्लास्टिकचे भाग व्यवस्थित सांधता येतात. मात्र त्यासाठी दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतात. तडकलेला भाग नेमक्या कोणत्या प्लास्टिकचा आहे, ही पहिली आणि त्या भागाच्या मागे काय आहे, ही दुसरी. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की दुरुस्ती करावी की नाही आणि करायची तर कशी, हे बरेचसे आपोआप ठरते.

पत्र्याकडून प्लास्टिककडे

अ‍ॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी यांसारख्या गाड्यांचे बंपर पोलादाचे आणि चकचकीत मुलामा दिलेले असत. ते फुटत नसत, वाकत असत आणि वाकलेला पत्रा ठोकून सरळ करणारे कारागीर प्रत्येक पेठेत होते. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला, तेव्हा त्या पोलादी बंपरचा जमानाही शहरापुरता जवळजवळ संपला.

जगात हा बदल त्याच्या बराच आधी सुरू झाला होता. फ्रान्समध्ये १९७२ साली बाजारात आलेल्या रेनॉ ५ या छोट्या मोटारीला काचतंतूंनी बळकट केलेल्या पॉलिएस्टरचे बंपर होते. पुढे त्यांची जागा पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकने घेतली. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ जूलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलिनच्या रेणूंची शिस्तबद्ध साखळी तयार करण्यात यश मिळविले आणि या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना जर्मनीच्या कार्ल झिग्लर यांच्यासमवेत १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्लास्टिक स्वस्त, वजनाने हलके, गंज न लागणारे आणि साच्यात हवा तो आकार घेणारे. लग्नाच्या मांडवातील प्लास्टिकच्या खुर्च्याही याच पदार्थाच्या असतात.

शुद्ध पॉलिप्रॉपिलिन थंडीत ठिसूळ होते. म्हणून बंपरसाठी त्यात ईपीडीएम नावाचे रबर मिसळतात आणि ताठपणा यावा यासाठी शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची पूड घालतात. त्यामुळे हलक्या धक्क्याने बंपर दबतो आणि पुन्हा आपल्या आकारात येतो. धक्का मर्यादेपलीकडे गेला किंवा ऊन खाऊन प्लास्टिक जुने झाले असेल, तर मात्र तो तडकतो. तडकलेल्या प्लास्टिकवर हातोडी चालत नाही. पत्र्याच्या कामात मुरलेल्या कारागिराची विद्या येथे निरुपयोगी ठरते, ती याच ठिकाणी.

‘फायबर’ या शब्दाचा घोटाळा

आपल्याकडे मोटारीच्या प्लास्टिकच्या प्रत्येक भागाला सरसकट ‘फायबर’ म्हणण्याची सवय आहे. खरे फायबर म्हणजे काचतंतूंच्या चटईवर राळ ओतून, ती कडक करून तयार केलेला पदार्थ. बसगाड्यांचे दर्शनी भाग, काही हौशी लोकांनी बसविलेली बॉडी किट अशा ठिकाणी तो आढळतो. कारखान्यातून आलेल्या आजच्या सर्वसाधारण मोटारीचा बंपर फायबरचा नसतो.

हा केवळ शब्दाचा काथ्याकूट नव्हे. दोन्ही पदार्थांचा स्वभाव मुळातच वेगळा आहे. फायबरमधील राळ एकदा कडक झाली, की उष्णतेने पुन्हा वितळत नाही. फार तापविली तर जळते. पॉलिप्रॉपिलिन मात्र मेणासारखे वितळते आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होते. त्यामुळे फायबरचा तडा नवी चटई आणि नवी राळ लावून भरतात, तर पॉलिप्रॉपिलिनचा तडा त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून जोडतात.

पॉलिप्रॉपिलिनच्या बंपरवर काचतंतू आणि राळ थापली तर काय होते? पहिले काही आठवडे काहीच नाही. पण या प्लास्टिकच्या पृष्ठभागाला तेलकट कागदासारखा गुण असतो. त्यावर राळ, रंग किंवा गोंद सहसा घट्ट धरत नाही. शिवाय बंपर लवचीक आणि वाळलेली राळ ताठ. गाडी खड्ड्यांतून हादरे खाते, उन्हात बंपर प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो आणि ताठ थर हळूहळू पापुद्र्यासारखा सुटू लागतो. मग रंगासकट तो तुकडा निघून येतो व जुना तडा पूर्वीपेक्षा लांब झालेला दिसतो. ‘प्लास्टिकची दुरुस्ती टिकत नाही’ या समजाचे मूळ बऱ्याच अंशी या चुकीच्या औषधात आहे.

पाठीमागची अक्षरे

प्लास्टिकची जात ओळखण्याची सोय उत्पादकांनीच करून ठेवलेली असते. बंपर, ग्रिल, आरशाचे कवच किंवा चाकावरील आवरण उतरवून त्याच्या मागील बाजूला पाहिले, तर दोन टोकदार कंसांच्या मधे रोमन लिपीतील काही अक्षरे उठावाने छापलेली दिसतात. ही आंतरराष्ट्रीय मानकांनुसार ठरलेली खूण असते. ‘पीपी’ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. त्यापुढे अधिक चिन्ह व ‘ईपीडीएम’ असेल तर रबर मिसळलेले आहे, आणि शेवटी ‘टी २०’ असेल तर त्यात २० टक्के टाल्क आहे.

इतर भागांवर वेगळी अक्षरे आढळतात. पुढच्या जाळीवर आणि आरशाच्या कवचावर बहुधा ‘एबीएस’ असते. मुलांचे लेगो ठोकळे ज्या टणक, गुळगुळीत प्लास्टिकचे असतात तेच हे. हेडलाइटच्या पारदर्शक काचेवर ‘पीसी’, म्हणजे पॉलिकार्बोनेट. या भागाला अजूनही काच म्हटले जाते, पण आधुनिक मोटारींत ती काच नसते. चाकांच्या टोप्यांवर आणि इंजिनाच्या आसपास ‘पीए’, म्हणजे नायलॉन आढळते. काही जुन्या परदेशी गाड्यांच्या बंपरवर ‘पीयूआर’, म्हणजे पॉलियुरेथेन असते आणि त्याची बरीच उत्पादने फायबरप्रमाणेच पुन्हा वितळत नाहीत.

खूण पुसली गेली असेल तर काही साध्या चाचण्या आहेत. मागच्या बाजूला पॉलिश पेपर घासला असता पॉलिप्रॉपिलिनची लव निघते किंवा ते चिकट होऊन माखते. एबीएसची मात्र कोरडी, बारीक पूड पडते. पाण्यात तुकडा टाकून पाहण्याची जुनी युक्तीही सांगितली जाते. साधे पॉलिप्रॉपिलिन पाण्यावर तरंगते व एबीएस बुडते हे खरे. पण २० टक्के टाल्क मिसळलेले पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा किंचित जड होते आणि बुडू शकते. म्हणून बंपरच्या बाबतीत या एका चाचणीवर विसंबू नये. सर्वांत भरवशाचा उपाय कारागिराच्या हातात असतो. मागील बाजूस कोपऱ्यात कांडीचा छोटा तुकडा वितळवून जोडायचा आणि थंड झाल्यावर ओढून पाहायचा. तो सहज सुटून आला, तर कांडी त्या जातीची नाही.

तडा जोडण्याची रीत

चांगल्या दुरुस्तीत प्रत्यक्ष जोडकामापेक्षा पूर्वतयारीलाच अधिक वेळ जातो. प्रथम बंपर गाडीवरून उतरवावा लागतो. तो जागेवर ठेवूनच काम उरकण्याची तयारी दाखविणारा कारागीर निम्मी दुरुस्तीच करणार, हे समजून घ्यावे; कारण तडा दोन्ही बाजूंनी जोडला तरच पुरेशी ताकद येते.

उतरविलेला भाग आधी साबणाच्या पाण्याने आणि नंतर प्लास्टिकसाठीच्या क्लीनरने स्वच्छ करतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. गाडीला लावलेले पॉलिश, मेण आणि रस्त्यावरचे तेल न काढताच पॉलिश पेपर घासला, तर तो सारा ओशटपणा प्लास्टिकच्या ओरखड्यांत दाबून बसतो आणि पुढे काहीच धरत नाही.

त्यानंतर तड्याच्या टोकाला सुमारे ३ मिलिमीटरचे एक छिद्र पाडतात. फुटलेल्या वस्तूला आणखी एक भोक कशासाठी, असा प्रश्न गाडीमालकाला पडणे साहजिक आहे. तड्याचे टोक अतिशय अणकुचीदार असते व बंपरवर येणारा सारा ताण त्या एका बिंदूवर एकवटतो; त्यामुळे तडा पुढे धावतो. टोकाला गोल छिद्र असले की तोच ताण त्याच्या कडेभर विभागला जातो आणि तडा तेथेच थांबतो. पुढे हे छिद्र भरून टाकतात.

आता दोन्ही कडा नेमक्या जुळवून चिमट्यांनी किंवा चिकटपट्टीने धरतात आणि तड्यावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी खाच पाडतात. बंपरची जाडी साधारण ३ मिलिमीटर असते. खाच तिच्या निम्म्याहून थोडी अधिक खोल घेतात. नंतर गरम हवेच्या बारीक नळीने खाचेच्या कडा आणि त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी एकाच वेळी मऊ करीत कांडी खाचेत दाबत नेतात. पॉलिप्रॉपिलिन साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळते, पण हवा मारताच उष्णता वाया जात असल्याने नळीच्या तोंडाशी सुमारे ३०० अंश तापमान ठेवावे लागते. काही चांगल्या कार्यशाळांत साध्या हवेऐवजी नायट्रोजन वायू वापरतात. तापलेल्या प्लास्टिकला हवेतील प्राणवायू लागला की ते काळवंडते व जोड कमकुवत होतो. नायट्रोजनमुळे ते टळते.

येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. साध्या सोल्डरिंग गनने तड्याच्या कडा नुसत्या वितळवून एकमेकींत मिसळणे हे पुष्कळ ठिकाणी चालते. त्यात नवे प्लास्टिक घातले जात नसल्याने जोड मूळ भागापेक्षा पातळ होतो, आणि जास्त तापलेले प्लास्टिक ठिसूळही होते. कांडी घालून भरलेला जोड आणि असा माखलेला जोड रंग दिल्यावर सारखेच दिसतात. फरक पुढच्या धक्क्याला कळतो.

जेथे बंपरवर ताण जास्त येतो, उदाहरणार्थ खालची कड किंवा वळणाचा कोपरा, तेथे मागच्या बाजूने न गंजणाऱ्या पोलादाची बारीक जाळी वितळलेल्या प्लास्टिकमध्ये रुतवितात. तापवून आत बसवायच्या नागमोडी पिनाही मिळतात. कडा जुळवून धरण्यासाठी त्या उत्तम. मात्र नुसत्या पिना मारून वरून पुट्टी भरणे म्हणजे पूर्ण दुरुस्ती नव्हे.

तडा नसून नुसता पोचा पडला असेल, तर मात्र यांपैकी काहीच करावे लागत नाही. उकळते पाणी जपून ओतून प्लास्टिक मऊ करावे आणि आतल्या बाजूने दाबावे. पुष्कळदा बंपर मूळ आकारात येतो. पाण्याचे तापमान १०० अंशांपलीकडे जात नसल्याने प्लास्टिक वितळण्याचा धोका नसतो. गरम हवेच्या गनने हाच प्रयोग केला, तर रंगाला फोड येण्याची शक्यता असते.

गोंद कोठे चालतो?

गोंदाने जोडणे ही काही हलकी पद्धत नव्हे. फक्त तो योग्य जागी हवा. एबीएसच्या जाळीचा तुटलेला तुकडा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळविलेल्या एबीएसच्या लगद्याने जोडता येतो. अ‍ॅसिटोन दोन्ही कडा किंचित विरघळवितो आणि तो उडून गेल्यावर त्या एकजीव होतात. हाच प्रयोग पॉलिप्रॉपिलिनवर केला तर काहीच होणार नाही, आणि पॉलिकार्बोनेटच्या हेडलाइटवर केला तर तिच्यावर जाळीदार चिरा पडून ती निकामी होईल.

दोन नळ्यांतून एकत्र होणारे पॉलियुरेथेनचे किंवा अ‍ॅक्रिलिकचे खास गोंद अनेक प्रकारच्या प्लास्टिकवर चालतात व वाळल्यावरही काहीसे लवचीक राहतात. पॉलिप्रॉपिलिनवर ते वापरायचे तर आधी ‘अ‍ॅढिजन प्रमोटर’ या पातळ द्रवाचा थर द्यावा लागतो. दुकानातील झटपट चिकटणारा गोंद मात्र बंपरसाठी निरुपयोगी आहे. तो पॉलिप्रॉपिलिनला नीट धरत नाही आणि वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो. त्यातही त्याचा अवशेष तड्यात राहिला, तर पुढे खरी दुरुस्ती करताना तो खरवडून काढण्याचे काम वाढते.

रंगाखाली दडलेले काम

जोड घासून सपाट केल्यावर बारीक खळगे भरण्यासाठी पुट्टी लागते. रंगारी जिला ‘लांबी’ म्हणतात, ती पत्र्यासाठीची पुट्टी येथे वापरू नये. ती ताठ असते आणि लवणाऱ्या बंपरवर तडकते. प्लास्टिकसाठी वेगळी लवचीक पुट्टी मिळते. उघड्या पडलेल्या प्लास्टिकवर पुन्हा अ‍ॅढिजन प्रमोटर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि शेवटी क्लिअर कोट असा क्रम असतो. प्रमोटरचा थर खर्च वाचविण्यासाठी गाळला, तर पहिल्याच वर्षी रंगाचे पापुद्रे निघू लागतात. चारचाकी धुण्याच्या केंद्रात जोरदार फवाऱ्याने रंग उडाला, अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा दोष बहुधा फवाऱ्याचा नसून या गाळलेल्या थराचा असतो.

बंपरचा रंग शेजारच्या पत्र्याशी तंतोतंत जुळत नाही, ही तक्रारही जुनी आहे. नव्या गाडीतही तो पुष्कळदा किंचित वेगळा भासतो, कारण कारखान्यात पत्र्यावरचा रंग सुमारे १४० अंशांना भाजला जातो. इतकी उष्णता प्लास्टिकला सोसत नसल्याने बंपर वेगळा रंगविला जातो. चंदेरी व मोतिया छटांत हा फरक अधिक जाणवतो.

या कामातील एका धोक्याकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होते. घासकामाची धूळ आणि तापलेल्या प्लास्टिकचा धूर कारागिराच्या फुप्फुसांत जातो. दोन घटकांच्या आधुनिक रंगांत आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात व त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून त्यापासून संरक्षण मिळत नाही. योग्य गाळणीचा मुखवटा आणि खेळती हवा हवी. घरच्या घरी हौसेने हे काम करू पाहणाऱ्यांनीही बंद गॅरेजमध्ये ते करू नये.

येथे सांधू नये

सांधता येणारी प्रत्येक वस्तू सांधावीच असे नाही. बंपर म्हणून आपल्याला जो दिसतो, तो खरे तर वरचा मुखवटा असतो. त्याच्या मागे धक्का शोषणारा फोमचा ठोकळा किंवा तत्सम भाग आणि त्यामागे धातूची आडवी तुळई असते. धक्का बसल्यावर बाहेरचे प्लास्टिक दबून पुन्हा पूर्वीसारखे होते. पण आतला शोषक भाग चिरडलेला व तुळई वाकलेली असू शकते. बाहेर चार बोटांचा तडा आणि आत चिरडलेला शोषक, अशी स्थिती असेल तर नुसता तडा बुजविल्याने गाडी छान दिसेल. पुढच्या अपघातात मात्र तिचे पहिले संरक्षण नाहीसे झालेले असेल. शोषक भाग आणि तुळई सांधायची नसते, बदलायची असते.

अलीकडच्या ज्या मोटारींत समोरच्या वाहनाशी अंतर राखणारी किंवा बाजूच्या न दिसणाऱ्या वाहनाची सूचना देणारी यंत्रणा आहे, त्यांच्या बंपरमागे रडार बसविलेले असू शकते. त्याच्या समोरील भागात पुट्टीचा जाड थर, धातूची जाळी किंवा रंगाचे जादा थर आले, तर त्याच्या लहरींत अडथळा येतो. मागच्या बंपरचे कोपरे ही तडे जाण्याची नेहमीची जागा आणि नेमके तेथेच हे रडार असते. अशा गाडीसाठी उत्पादकाच्या सूचना पाहिल्याविना दुरुस्तीचा निर्णय घेऊ नये. मागे येताना सूचना देणारे सेन्सर १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना सक्तीचे झाले आहेत. त्यांच्या भोवतीचा तडा जोडता येतो, पण सेन्सरवर रंगाचा जाड थर चढणार नाही आणि त्याचा कोन बदलणार नाही, हे पाहावे लागते.

रेडिएटरची नायलॉनची टाकी बाहेरून चिकटवून काही दिवस ढकलता येते, पण उष्णता आणि दाब या दोहोंखाली असलेला तो जोड कधी दगा देईल याचा नेम नसतो. पेट्रोलची प्लास्टिकची टाकी, एअरबॅग दडलेले डॅशबोर्डचे आणि स्टीअरिंगचे आवरण यांना तर हातच लावू नये. एअरबॅग उघडताना ते आवरण ठरावीक रेषेवर फाटावे लागते. तेथे गोंद किंवा कांडी भरली तर पुढचे अनर्थकारक ठरेल. हेडलाइटचे तुटलेले लॉक जोडता येतात, परंतु प्रकाशझोताची दिशा पुन्हा तपासून घ्यावी. तिची समोरची काच तडकली असेल तर पाणी शिरणारच. ती बदलणे श्रेयस्कर.

बंपरचे मूळ लॉक, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारे कान, बहुसंख्येने तुटले असतील, किंवा प्लास्टिक इतके जुने झाले असेल की दाबताच नव्या भेगा पडतात, तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. महामार्गावर अर्धवट सुटून लोंबणारा बंपर मागच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकतो.

विम्याचे गणित

‘विमा आहे ना, मग नवाच बसवू’ हा विचार वरवर बिनतोड वाटतो. नेहमीच्या सर्वसमावेशक विम्यात प्लास्टिक, नायलॉन व रबराच्या बदललेल्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. काचतंतूच्या, म्हणजे खऱ्याखुऱ्या फायबरच्या भागांवर तो ३० टक्के असतो. ‘फायबर’ या शब्दाचा घोटाळा येथे पुन्हा आडवा येतो; बंपरला आपण काहीही म्हटले तरी विमा कंपनी त्याला प्लास्टिकच समजते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नव्या बंपरची किंमत ८,००० रुपये आणि रंगकाम ४,००० रुपये, असे एकूण १२,००० रुपये. बंपरवर ५० टक्के म्हणजे ४,००० रुपये घसारा. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के रक्कम साहित्याची धरून तिच्यावर ५० टक्के घसारा लावतात. म्हणजे ५०० रुपये. छोट्या इंजिनाच्या गाडीसाठी सक्तीने सोसावयाची रक्कम १,००० रुपये. कंपनीकडून मिळतील ६,५०० रुपये आणि खिशातून जातील ५,५०० रुपये, कर वेगळा.

याशिवाय ‘नो क्लेम बोनस’ हातचा जातो. दावा न केल्यास ही सवलत वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी वाढत जाते. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा हप्ता १०,००० रुपये आहे व सध्या ३५ टक्के सवलत मिळते. दावा न केल्यास पुढील वर्षी ४५ टक्के, म्हणजे ४,५०० रुपये वाचले असते. दावा केल्यास काहीच नाही. त्यापुढील वर्षी ५० ऐवजी २० टक्केच, म्हणजे आणखी ३,००० रुपयांचा तोटा. मूळ हप्ता साधारण तेवढाच राहिला असे धरले, तरी ६,५०० रुपयांसाठी दोन वर्षांत ७,५०० रुपये गमावले.

घसारा न कापणारी जोड-पॉलिसी घेतली असेल तर हे आकडे बदलतात. पण ती सहसा ठरावीक वयापर्यंतच्या गाड्यांना मिळते आणि तिच्यातही दाव्यांच्या संख्येवर मर्यादा असू शकते. ‘नो क्लेम बोनस’ जपणारे वेगळे संरक्षणही मिळते. ते घेतले आहे की नाही, हे पॉलिसी उघडून पाहावे.

दुसऱ्या बाजूने पाहता, दुरुस्ती नेहमीच स्वस्त असते असेही नाही. रंगाचा खर्च दोन्ही पर्यायांत जवळपास सारखाच येतो. वाचते ती नव्या भागाची किंमत, त्यातून जोडकामाची मजुरी वजा करून. सर्वसामान्य छोट्या गाडीचा न रंगविलेला काळा भाग अल्प किमतीत मिळत असेल, तर तो बदलणेच शहाणपणाचे. महागड्या गाडीच्या बंपरबाबत किंवा ज्या जुन्या गाडीचे भाग आता मिळत नाहीत तिच्याबाबत दुरुस्तीचे पारडे जड होते. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात जुना पण अखंड बंपर मिळू शकतो. तो घेताना मागची अक्षरे आणि सर्व लॉक तपासून घ्यावेत, कारण रंगाखाली तेथेही जुना जोड असू शकतो.

गार्डचा उपाय नको

एकदा बंपर फुटला, की पुढे धातूचा गार्ड बसविण्याचा मोह अनेकांना होतो. प्लास्टिक वाचते हे खरे; पण ज्या धक्क्यात बंपरने चुरगळून ऊर्जा शोषायची, तो धक्का हा गार्ड थेट सांगाड्याकडे पोहोचवितो. एअरबॅगच्या सेन्सरला मिळणारी सूचनाही त्यामुळे बिघडू शकते आणि पादचाऱ्यास होणारी इजा वाढते. म्हणूनच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना अशा गार्डवर कारवाई करण्यास सांगितले होते. फुटणे हा बंपरचा दोष नसून काही अंशी ते त्याचे कामच आहे.

दुरुस्तीला देण्यापूर्वी

* धडकेनंतर लगेच सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि तुटलेले तुकडे फेकू नयेत. मूळ तुकडा जोडणे हे नव्याने भाग घडविण्यापेक्षा सोपे असते.
* बंपर उतरवून आतील शोषक भाग, तुळई आणि वायरिंग दाखविण्यास सांगावे.
* प्लास्टिकची जात कोणती आणि कांडी त्याच जातीची आहे का, हे विचारावे. उत्तर नुसते ‘फायबर’ असे आले, तर दुसरे गॅरेज पाहावे.
* रंग देण्यापूर्वी मागील व पुढील जोडाची छायाचित्रे मागून घ्यावीत. रंग चढल्यावर काहीच तपासता येत नाही.
* प्लास्टिकची पुट्टी आणि अ‍ॅढिजन प्रमोटर वापरणार का, हे अंदाजपत्रकात लिहून घ्यावे.
* पुढची नंबर प्लेट बंपरवर असेल, तर ती कशी काढणार हे विचारावे. उच्च सुरक्षा नंबर प्लेटची स्नॅप लॉक एकदा तोडली की पुन्हा वापरता येत नाहीत.
* विम्याचा दावा करण्यापूर्वी घसारा आणि बुडणारा बोनस कागदावर मांडून पाहावा.

टाकून दिलेल्या रंगीत बंपरचे पुढे काय होते, याचा विचार गाडीमालक क्वचितच करतो. रंगाचे थर चिकटलेले असल्याने असे प्लास्टिक पुन्हा चांगल्या दर्जाच्या वापरात आणणे कठीण जाते. जो बंपर योग्य रीतीने सांधून आणखी काही वर्षे चालला असता, तो वीतभर तड्यासाठी भंगारात जाणे हा पैशाचा आणि साधनसामग्रीचाही अपव्यय आहे. त्याच वेळी, आतला चिरडलेला भाग झाकून वरून चकचकीत रंग देणे ही स्वतःची फसवणूक आहे. बंपर उतरवून त्याची मागची बाजू पाहायला अर्धा तास लागतो. बदलायचा की सांधायचा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा तेथेच लिहिलेले असते.